फ्रॅक्चर नाही, पाय हलतात, पण हातात भाकरी धरता येत नाही

गोठेकरी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर. चार म्हशी, दोन गाई. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो, वय ६१. पाच आठवड्यांपूर्वी पहाटे धारेला गोठ्यात गेले, शेणावरनं पाय घसरला आणि कपाळ गव्हाणीच्या दगडी काठावर आपटलं. मान मागं झटकली. शुद्ध गेली नाही. मी पोचलो तेव्हा "हातांना इंगळ्या डसाय लागल्यात" एवढंच म्हणत होते. पाय थोडे हलत होते, हात दोन्ही लुळे. मी आणि शेजाऱ्यानं बगलेत हात घालून त्यांना उठवून बसवलं.

पहिल्या दवाखान्यात एक्सरे काढला. "फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे, पट्टा लावा, चार दिवसांत हात येतील." संध्याकाळी लघवी तुंबली तेव्हा आम्ही दुसरीकडं हलवलं. तिथं एमआरआय झाला. मानेत मणके आधीपासूनच झिजलेले, नसांची जागा अरुंद, आणि मज्जारज्जूला सूज. दोन दिवसांनी मानेच्या मागून ऑपरेशन करून जागा मोकळी केली.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय: मानेच्या मज्जारज्जूची अपूर्ण दुखापत, पातळी सी४, श्रेणी सी, सेंट्रल कॉर्ड. आज दोघांच्या आधारानं दहा पावलं टाकतात. पण हातात भाकरीचा तुकडा राहत नाही. गावात लोक म्हणतात, पाय चालतात तर हाताला काय धाड भरली? आप्पांनाच आता वाटायला लागलंय की आपण आळस करतोय.

माझे प्रश्न साधे आहेत. 'अपूर्ण' म्हणजे अर्धं का? आणि हात कधी येणार?

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:१५

आप्पांना सांगा, आळसाचा काही संबंध नाही. मी नर्स आहे, वॉर्डात असे पेशंट पाहिलेत. सविस्तर डॉक्टर मंडळी लिहितीलच. तोवर एकच विचारते: पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर कुठं लाल डाग आहे का? दाबून बघा. दाबल्यावर फिका पडत नसेल तर त्या जागेवर भार पूर्ण बंद. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा.

---

टाचणी आणि कापूस | सोमवार, रात्री ११:५०

गोठेकरी, मी मेंदू-मणक्याच्या विभागात काम करतो. आप्पांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी 'अपूर्ण'. अर्धी दुखापत असा त्याचा अर्थ नाही. मज्जारज्जू साधारण करंगळीएवढा जाड. मेंदूचे निरोप त्यातून खाली जातात, अंगाचे वर येतात. या रस्त्यावरचं शेवटचं गाव म्हणजे गुदद्वाराभोवतीची कातडी आणि तिथला आवळणारा स्नायू. मानेला मार लागलेल्या माणसाला तिथं टाचणी टोचलेली किंवा कापूस लावलेला कळला, आत बोटाचा दाब कळला, किंवा आपल्या मनानं आवळता आलं, तर दुखापत अपूर्ण. करूळ घाटात दरड कोसळली तरी कडेनं एखादी मोटरसायकल निघून खाली कोकणात पोचली की घाट पूर्ण बंद झाला असं आपण म्हणत नाही, तसंच. म्हणून ती तपासणी लाजिरवाणी वाटली तरी टाळायची नसते. सगळ्या निदानाची किल्ली तिथंच आहे.

कागदावरचं सी४ म्हणजे मज्जारज्जूची मानेतली चौथी पातळी, श्रेणीतला सी वेगळा. आता श्रेणी. ए म्हणजे पूर्ण दुखापत. बी म्हणजे खाली संवेदना कळते पण हालचाल नाही. सी आणि डी दोन्हींत हालचाल असते. ताकद शून्य ते पाच मोजतात, आणि तीन म्हणजे निदान स्वतःच्या वजनाविरुद्ध हातपाय उचलता येणं. दुखापतीच्या खालच्या ठरावीक स्नायूंपैकी निदान निम्म्यांची ताकद तीन किंवा त्याच्या वर असली की डी, नाहीतर सी. ई म्हणजे तपासणीत सगळं परत आलं. आप्पा पाच आठवड्यांत आधारानं चालतायत म्हणजे पुन्हा तपासलं तर कदाचित डीमध्ये निघतील. कागदावरचं अक्षर हा त्या दिवशीचा फोटो असतो, जन्मपत्रिका नव्हे.

पाय आधी आणि हात का नाहीत, हा तुमचा खरा प्रश्न. वयाबरोबर मानेच्या मणक्यांना पुढून हाडाचे काटे येतात, मागची पिवळी अस्थिबंधनं जाड होतात. मान एकदम मागं झटकली की ती मागून आत दुमडतात आणि मज्जारज्जू अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा सापडतो. हाड मोडायची गरजच नाही. एक्सरे स्वच्छ आणि माणूस लुळा, हे चित्र वयस्कर माणसांत नेहमीचं आहे. कपाळावर किंवा हनुवटीवर जखम आणि हातांत आग असेल तर मान तपासल्याशिवाय घरी पाठवू नये.

चेंगरतो तो मुख्यतः रज्जूचा मधला भाग, म्हणून कागदावर 'सेंट्रल कॉर्ड'. पूर्वी शिकवायचे की हातांचे धागे मध्याकडे आणि पायांचे कडेला असतात. आता ते तितकं सरळ मानत नाहीत. माणसात मेंदूकडून येणारी ती मोठी वाट बोटांच्या बारीक कामासाठीच जास्त राबते, ती दुखावली की हात जास्त जातात. शिवाय मानेतल्या रज्जूच्या खालच्या भागात हातांचे स्नायू हलवणाऱ्या पेशीच बसलेल्या असतात, त्याही मेल्या की तळहात सुकतो. १९५४ साली श्नायडर या अमेरिकन शल्यचिकित्सकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचं नीट वर्णन केलं. अपूर्ण दुखापतींत हा प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो.

परतीचा क्रमही बहुधा ठरलेला: आधी पाय, मग लघवी, मग खांदे-कोपर, सर्वांत शेवटी बोटं. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, त्यानंतर हळूहळू वर्ष-दीड वर्ष, काहींची त्यापुढेही. बोटं किती येतील हे आज कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. पन्नाशीनंतर सुधारणा तरुणांपेक्षा कमी आणि सावकाश असते, हेही लपवत नाही.

---

गोठेकरी | मंगळवार, पहाटे ५:०५

धारा काढून आलो. तुमचा प्रतिसाद आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. अडकित्त्यापाशी आल्यावर म्हणाले, "मग एवढं त्या पयल्यानं का न्हाई सांगितलं?" पाच आठवड्यांत पहिल्यांदा नीट बोलले. आभारी आहे.

उठवून बसवलं ते आम्ही चुकलो का?

---

लाल माती | मंगळवार, सकाळी ८:२०

भावा, तू एकटा न्हाईस. मला तर चौघांनी हातपाय धरून उचलला होता.

मी पैलवान. ११ वर्षांमागं सरावात ढाक बसली, डोकं मातीत आणि वरनं समोरच्याचं वजन. मान पुढं दुमडली. वय २३. आखाड्यातनं पोरांनी उचलून रिक्षात कोंबला, मान लोंबत होती. त्येंचा दोष न्हाई, माया होती, माहिती न्हवती. आता सगळ्या तालमींत सांगत फिरतोय: मानेवर पडलेल्याला हलवायचं न्हाई, पाणी पाजायचं न्हाई, एकानं डोकं दोन्ही हातांत धरून बसायचं आणि १०८ लावायचा. हलवायचाच झाला तर डोकं, खांदे, कंबर एका ओळीत, ओंडका फिरवल्यागत, आणि फळीवर.

माझी पातळी सी६, सुरुवातीला श्रेणी बी. कळत होतं, हलत काय न्हवतं. आज व्हीलचेअरवर आहे. मनगट वर उचलता येतं, बोटं न्हाई. पण मनगट वर केलं की बोटं आपोआप मिटतात, त्यावर चहाचा कप धरतो. ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. आप्पांना सांग, चालणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटतोय आणि त्येंना माझ्या मनगटाचा वाटंल. चालतंय.

---

मूठभर | मंगळवार, दुपारी १:३०

लाल माती यांनी सांगितलेली मिटणारी बोटं फार मोलाची. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे हातावरच लिहिते.

आप्पांना उठवताना दंडाला धरून ओढू नका. खांद्याभोवतीचे स्नायू कमजोर असताना सांधा खाली सरकतो आणि मग तोच दुखणा होऊन बसतो. कमरेला रुंद पट्टा बांधा, तो धरून उठवा. बसलेले असताना हात उशीवर, लोंबते ठेवू नका, सूज येते.

बोटांचे व्यायाम करून देताना मनगट वर असेल तर बोटं मिटू द्या, आणि बोटं सरळ करायची तर मनगट खाली सोडा. दोन्ही एकाच वेळी ताणून सपाट करत राहिलात तर ती आपोआपची पकड कायमची सैल होते. घरचे लोक मायेनं रोज नेमकं हेच करतात! उलट बाजूनं, सांधे कडकही होऊ द्यायचे नाहीत. रात्रीसाठी स्प्लिंट लागेल का ते तुमच्या थेरपिस्टकडून बघून घ्या.

काम द्या, व्यायाम नको. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, जाड झाला की धरवतो. तळहाताभोवती पट्टा शिवून त्यात चमचा खोचता येतो. कणकेचा गोळा दाबणे, शेंगा फोडणे, परातीतल्या ज्वारीत हात घालून खडे शोधणे. ज्या माणसानं जन्मभर धारा काढल्या त्याच्या हाताला रबरी चेंडू देऊन काय होणार? दाव्याची गाठ मारायला द्या. नाही जमली तर नाही जमली.

---

देशी उपाय | मंगळवार, दुपारी ३:१०

एवढं इंग्रजी औषध करण्यापेक्षा आमच्याकडं एक हाडवैद्य आहेत, मान एका झटक्यात बसवतात. तेल चोळून पाहा, आठ दिवसांत फरक. अनुभव आहे.

---

टाचणी आणि कापूस | मंगळवार, दुपारी ३:२५

नाही. ऑपरेशन झालेल्या, आतून अरुंद असलेल्या मानेला झटका द्यायचा नाही, कुणीही, कितीही नावाजलेला असला तरी. यावर चर्चा नको.

पायाला तेल लावायचं तरी जपून. एकच पिंढरी सुजली, गरम लागली, तर चोळू नका, आधी रक्ताची गुठळी नाही ना ते तपासून घ्या.

---

अवांतरराव | मंगळवार, संध्याकाळी ७:००

अवांतर: अशा दुखापतींत शरीराच्या एका बाजूची ताकद जाते आणि दुसऱ्या बाजूला टाचणी कळत नाही, असं कुठंतरी वाचलं होतं. खरं आहे का?

---

टाचणी आणि कापूस | मंगळवार, रात्री ८:४५

खरं आहे. रज्जूची एकच बाजू दुखावली तर त्या बाजूची ताकद आणि सांध्यांची जाण जाते. दुखणं आणि गरम-गार कळणं मात्र विरुद्ध बाजूचं जातं, कारण ते धागे रज्जूत शिरल्यावर लगेच पलीकडे ओलांडतात. चाकूच्या वारात दिसतं. ब्राउन-सेकार हे नाव. हा डॉक्टर मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मला, आणि ऊस तोडताना झालेल्या जखमांवरून त्याला हे उमगलं असं सांगतात. आपल्या ऊसपट्ट्याला जवळचा माणूस! या प्रकारात सुधारणा सहसा चांगली होते.

याच्या उलट, रज्जूचा पुढचा भाग गेला तर ताकद आणि दुखणं-तापमान जातं, पण पाय कुठल्या दिशेला वाकवलाय हे डोळे मिटून सांगता येतं. त्यात ताकद परतण्याची आशा कमी.

---

कागलकर | बुधवार, सकाळी १०:१०

माझ्या मेहुण्याच्या मुलानं उन्हाळ्यात विहिरीत सूर मारला, पाणी कमी होतं. पहिल्या दिवशी 'पूर्ण' म्हणाले, चौथ्या दिवशी 'अपूर्ण'. डॉक्टर बदलले नाहीत, कागद बदलला. असं कसं?

आणि तो स्टेरॉइडचा डोस का दिला नाही, यावरून आमच्या घरात अजून भांडणं चालू आहेत.

---

टाचणी आणि कापूस | बुधवार, दुपारी २:००

मोठ्या माराने मज्जारज्जू काही काळ अगदी बधिर होतो. स्नायू ढिले, प्रतिक्षिप्त क्रिया गायब. हा धक्का ओसरायला काही दिवस ते आठवडे लागतात. त्यात पेशंट झोपेच्या औषधाखाली, डोक्याला मार, मग पहिली तपासणी कशी पक्की होणार? म्हणून साधारण ७२ तासांनी पुन्हा नीट तपासतात, पुढचा अंदाज बांधायला ती जास्त भरवशाची. टाचणीची टोच खाली कळत असेल तर चांगलं लक्षण, नुसत्या स्पर्शापेक्षा चांगलं.

स्टेरॉइडचा मोठा डोस १९९० च्या एका अमेरिकन अभ्यासानंतर जगभर सुरू झाला. पुढे जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव असे तोटे दिसले आणि फायद्याबद्दल वाद झाला. आता बरेच जण देत नाहीत, काही जण पहिल्या आठ तासांत देतात. न देणं म्हणजे हलगर्जी नव्हे. भांडण मिटवा. त्यापेक्षा रक्तदाब पडू न देणं आणि शक्य तिथं २४ तासांच्या आत दाब मोकळा करणं, यावर आज भर आहे.

---

लाल माती | बुधवार, रात्री ९:३०

गोठेकरी, एक गोष्ट लिहायची राहिली, ती ह्या सगळ्यांपेक्षा म्हत्त्वाची.

पयल्या वर्षी एका रात्री माझं डोकं फुटंल असं दुखाय लागलं. तोंड लालबुंद, कपाळावर घाम, अंगावर काटा. रक्तदाब मोजला तर १७०. माझा नेहमीचा ९५-१०० असतो. गेलो तिथं म्हणाले टेन्शन आहे, गोळी घ्या आणि आडवं पडा. आडवं पडल्यावर आणखी वाढलं. बायकोनं चादर उचलली तर लघवीची नळी मांडीखाली दबलेली. नळी सोडवली, पिशवी भरली, दहा मिनिटांत डोकं उतरलं.

छातीच्या सहाव्या पातळीला किंवा त्याच्या वर ज्याला मार लागलाय त्याला हे होऊ शकतं. खाली कायतरी टोचतंय, तुंबलंय, पण डोक्याला निरोप नीट पोचत न्हाई, आणि अंग आपल्या मनानं रक्तदाब चढवतं. अपूर्णवाल्यांना कमी होतं पण होतं. करायचं काय: ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टे-नाडी सैल करायची, नळी बघायची, मग शी तुंबलीय का बघायचं, मग नखं, जखम, कपड्याची घडी. न्हाई उतरलं तर दवाखाना, लगेच. चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेव, कारण तिथल्या सगळ्यांनाच हे माहीत असंल असं न्हाई.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:०५

अगदी बरोबर. याचा उलटा प्रकारही होतो: सकाळी एकदम उभं केलं की रक्तदाब पडून डोळ्यांपुढं अंधारी. आधी पाठ उंच करून बसवा, पोटाला पट्टा, पायांत घट्ट मोजे, मग उभं.

नळी कायमची ठेवायची नसते. डॉक्टर हो म्हणाले की दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढून टाकायची पद्धत शिका. त्यात संसर्ग कमी. हात चालत नसल्यानं घरच्यांनाच करावं लागेल. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी यांपासून मात्र लांब. कमी कळतं, भाजल्यावर समजतं. बाथरूमला चाकांची कमोड खुर्ची घ्या, जुनी चालेल.

---

गोठेकरी | शुक्रवार, रात्री १०:२०

नळी घालायला शिकलो. पहिल्या दिवशी आप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मीही काही बोललो नाही. सुनेला करू देत नाहीत, आई घाबरते, म्हणून मीच. तिसऱ्या दिवशी नळी घालत असताना त्यांनी विचारलं, हरणीला माज आलाय का बघितलंस का? तिथून सोपं झालं.

दवाखान्याच्या खर्चाला महात्मा फुले योजनेतनं काही मिळालं, आरोग्यमित्रानं मदत केली. दिव्यांग प्रमाणपत्राचं कसं?

---

लाल माती | शनिवार, सकाळी ७:५०

आत्ताच घाई करू नको. सुधारणा चालू आहे तोवर टक्केवारी बदलत राहील. स्थिर झाल्यावर ऑनलाइन अर्ज भरून कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला तपासणी. ४० टक्के किंवा जास्त असलं तरच बहुतेक सवलती. फॉर्म माझ्या दुकानात भर, पैसे घेत न्हाई.

आणि आप्पांना एकदा उचगावला घेऊन जा. हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांची संस्था, १९८४ पासनं आहे. नसीमादीदी हुरजुक स्वतः व्हीलचेअरवर, त्येंनी ती उभी केली. मी तिथं गेलो तवा पयल्यांदा बघितलं की खुर्चीवरची माणसं भांडतात, हसतात, एकमेकांची चेष्टा करतात. दवाखान्यात हे दिसत न्हाई.

---

गोठेकरी | नऊ महिन्यांनंतर, रविवार, दुपारी १२:१५

धागा वर आणतोय, बरेच जण व्यनित (खाजगी निरोपात) विचारत होते.

आप्पा काठी घेऊन गावात जातात. लघवीची नळी चौथ्या महिन्यात सुटली, मात्र लागली की धावावं लागतं. हातांत अजून आग असते, थंडीत जास्त; त्यासाठी प्रीगॅबॅलिन चालू आहे, त्यानं दिवसा पेंग येते. पाय रात्री ताठतात, बॅक्लोफेन चालू आहे. मधे एकदा गोळ्या संपल्या आणि आणायला उशीर झाला तर डॉक्टर चांगलेच रागावले, एकदम बंद करायची नसते म्हणे. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं आली. डावा हात कोपरापर्यंत बरा, पुढं सुकलाय. शर्टाची बटणं लागत नाहीत, आईनं सगळ्या शर्टांना चिकटपट्टी शिवली. भाकरी खातात, आमटी सांडते.

गेल्या आठवड्यात न सांगता गोठ्यात जाऊन बसले. मुठीनं जमेना, म्हणून चिमटीनं ओढायला लागले. हरणीनं पान्हा चोरला. पावशेरही दूध निघालं नाही, आणि आप्पांनी तिला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. नंतर मी मशीन लावलं.

गोठ्यात आता खरबरीत फरशी टाकली आहे, गव्हाणीच्या काठाला जुना टायर बसवलाय.

कमोड खुर्ची आता लागत नाही. चाकं चांगली आहेत, एक हात थोडा गंजलाय. कुणाला हवी असेल तर सांगा, पैसे नकोत.

---

लाल माती | रविवार, दुपारी १२:४०

मला हवी. माझ्यासाठी न्हाई, राधानगरी भागात एक पोरगं आहे, महिन्यामागं झाडावरनं पडलंय. बुधवारी टेम्पो तिकडं जाणार आहे. गोठ्याचं लोकेशन पाठव.